मरणकाळची सावधानता

सोलापूरच्या सात रस्ता चौकात परगावचा कोणी वाट विचारू लागला, तर सांगणारांस तोटा नसतो. परंतु त्याच चौकाच्या आसपासच्या एखाद्या घरात वृद्ध माणूस अंथरुणास खिळलेला असतो, डॉक्टरांनी मुलास बाजूस घेऊन काय ते सांगितलेले असते, आणि आजाऱ्याने ‘माझे कसे काय आहे?’ असे विचारताच घरातील प्रत्येकजण त्याची उशी नीट करू लागतो! वाट सर्वांस ठाऊक. सांगावयास कोणी तयार नाही. मायेपोटी केलेली ही लपवालपवी आजाऱ्याच्या हातची एक मोठी गोष्ट हिरावून घेते. ती कोणती, हे याच शहरातील एका गृहस्थाच्या अखेरीवरून ध्यानात येईल.

जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापुरातील धर्मनिष्ठ जैन गृहस्थ. आपण न्यायाने मिळविलेले धन धर्माच्या व समाजाच्या कामी लावावे, असे १९४० साली त्यांच्या मनाने घेतले. १९४१ मध्ये त्यांनी जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापून ३०,००० रुपये दिले. १९४४ मध्ये उरलेली सुमारे दोन लाखांची संपत्तीही विश्वस्तांच्या स्वाधीन केली. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरणाने देह ठेवला. संघाच्या ग्रंथमालेतील पुस्तकांत त्यांचा परिचय छापला आहे. त्यात त्यांच्या अखेरीविषयी ‘सावधानी’ व ‘समाधान’ हे दोन शब्द योजिले आहेत. मरणाची तयारी मरणाच्या सतरा वर्षे आधी सुरू झाली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

समाधिमरण किंवा सल्लेखना म्हणजे केवळ उपवास, असा सर्वसाधारण समज आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात क्रम निराळा आहे. उपाय नसलेले संकट, दुष्काळ, वार्धक्य वा असाध्य रोग, अशा वेळीच ही वाट. तीतही प्रथम सोडावयाचे ते अन्न नव्हे. स्नेह, वैर आणि परिग्रह आधी सोडावेत. आप्तांस व सेवकांस गोड शब्दांनी क्षमा करावी व त्यांची क्षमा मागावी. शोक, भय व खेद टाकावेत. अन्नाचा क्रम त्यानंतरचा. या व्रताचे पाच दोषही सांगितले आहेत: आणखी जगण्याची इच्छा, लवकर मरण्याची इच्छा, भय, मित्रांची आठवण आणि परलोकीच्या फळाची आशा. मरणाची उतावीळही दोषच मानिली आहे, हे आत्मघात व सल्लेखना एकच समजणारांनी अवश्य पाहावे.

परंतु मरणाऱ्याने कितीही धैर्य धरिले, तरी भोवतालची माणसे कशी आहेत यावर पुष्कळ अवलंबून असते. शिवार्यांची भगवती आराधना याविषयी फार बारकाईने बोलते. (दोशींच्याच ग्रंथमालेने ती १९७८ साली सोलापुरातून प्रसिद्ध केली.) मरणोन्मुख साधकाच्या सेवेस अठ्ठेचाळीस निर्यापक, म्हणजे मदतनीस मुनी, असावेत असे तीत सांगितले असून त्यांची कामे वाटून दिली आहेत. कोणी त्यास उठवावे, बसवावे, कुशीवर वळवावे. कोणी धर्मकथा सांगावी. कोणी मलमूत्र दूर करावे. कोणी रात्री जागावे. कोणी दारात बसून नको त्या माणसांस आत येऊ देऊ नये. हे शेवटचे काम ज्यास सुचले, त्याने आजाऱ्याच्या उशाशी जमणारी गर्दी खचितच पाहिली असली पाहिजे! माणसे कमी असतील तर संख्या घटवावी. पण एकट्यावर भार टाकू नये, दोघे तरी हवेतच.

आचार्य शांतिसागरांनी १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरीस सल्लेखना आरंभिली. दृष्टी मंदावली होती आणि मुनीचे व्रत नीट पाळणे अशक्य झाले होते. ८ सप्टेंबरला त्यांनी मराठीतून केलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला. तो सुमारे बावीस मिनिटांचा आहे. १८ सप्टेंबरच्या सकाळी त्यांनी देह ठेवला.

अर्थात हा मार्ग विरळ्यांचा. परावलंबी वृद्धांवर घरच्यांचे दडपण येईल, ही टीकाकारांची शंका फोल नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी सल्लेखनेस गुन्हा ठरविले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

संसारी माणसाच्या उपयोगाची गोष्ट याहून साधी आहे. बरे होण्याची आशा उरली नसता केवळ यंत्रांवर जगविले जाऊ नये, अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी तिची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन हा लेख नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतो. मात्र लिहिणारा शुद्धीवर हवा. आणि आजार जडल्यावर लिहावयाचा, तर आपणास काय झाले आहे हे त्यास कोणीतरी सांगितलेले हवे.