डोक्यातले विचार थांबत नाहीत? चालायला निघा!

ऑफिसचं टेन्शन, कर्जाचे हप्ते, मुलांच्या परीक्षा... तेच ते विचार दिवसभर डोक्यात फिरत राहतात ना? मग मनापासून चालून बघाच.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काहींना ९० मिनिटं झाडाझुडपांतून चालायला लावलं, तर काहींना वर्दळीच्या रस्त्याकडेनं. झाडांतून चालून आलेल्यांचं मनातल्या मनात तेच विचार उगाळणं कमी झालं आणि मेंदूच्या त्याच्याशी निगडित भागाची सक्रियताही मंदावली. रस्त्याकडेनं चाललेल्यांत हा फरक दिसला नाही.

म्हणून जागा निवडून चाला! पुणेकरांना वेताळ टेकडी, तळजाई आहेतच. बाकीच्यांना बाग, झाडांची गल्ली, शेताचा बांधही छान.

👉 वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाता येणार नाही.
👉 मोबाइल खिशातच राहू द्या.
👉 वेळ नाही? १० मिनिटांपासून सुरुवात करा. दिवसाला ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस चाललात, की जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली किमान १५० मिनिटं पूर्ण!

उदासी किंवा निद्रानाश हटतच नसेल, तर डॉक्टरांना जरूर भेटा.

तुमचा चालण्याचा आवडता रस्ता कोणता? नक्की सांगा!