थंडीतला रविवार

पहाटे साडेचार. डिसेंबरात माझा रविवार विजेच्या वेळापत्रकानं सुरू होतो. मंडळीच्या सेक्रेटरींचा फोन येतो, "साहेब, आपल्या फिडरला आज दिवसाची लाईट. आठला येणार." एवढं पुरतं. आठला लाईट आली की अर्धी मंडळी गव्हात आणि हरभऱ्यात दारं धरायला उभी असणार. शेतीपंपाची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत पीक तहानलेलं राहतं. म्हणून आजची उपासना साडेसहाला. मोबाईलवरच्या गटावर निरोप जातो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी सहाला घंटा वाजवायला सांगतो.

आमच्या पंचांतल्या दोन वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. मिशनच्या काळापासून उपासना दहाची, असं ते म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यामागे प्रेमच आहे. पण दहा ही वेळ काही शास्त्रात लिहिलेली नाही. मंडळी शेतात असेल तर उपासनेनं शेताची वेळ पाळावी, हे माझं मत आहे आणि ते मी त्यांना दर हिवाळ्यात हात जोडून सांगतो.

पाळक म्हणून माझ्याकडे तीन गावं आहेत. दोन नेवासे तालुक्यात, मुळा कालव्याच्या पाण्याखालची. तिसरं पाथर्डीच्या बाजूचं, कोरडवाहू. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला ठाणं मांडलं आणि पुढे वडाळ्यासारख्या ठिकाणांहून खेडोपाडी मंडळ्या उभ्या केल्या. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यांतल्या कितीतरी मंडळ्या त्यात आल्या. आमचीही त्यांतलीच.

सहाला घंटा होते तेव्हा अजून झुंजुमुंजू असतं. चर्चच्या पायरीसमोर पोरांनी तुराट्यांची शेकोटी केलेली असते. तिथून उठून सगळे आत येतात आणि चर्चभर धुराचा वास पसरतो. शहाबादी फरशी इतकी गार, की दुहेरी सतरंजीही पुरत नाही. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. बायकांच्या पदराखाली एकेक पुडी असते. रोजचं पीठ मळताना त्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि रविवारी अर्पणात आणायची, ही आमच्याकडची रीत. पैसे देणारे हात थोडे होते तेव्हा पाळकाचा संसार या मुठीवर चालला. आता ते पीठ आम्ही एकट्या म्हाताऱ्यांना वाटून देतो.

पेटी आणि ढोलकी लागते, 'उपासना संगीत' उघडतं, आणि थंडी कमी होते. या पुस्तकातली शंभराहून अधिक गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगर भागात राहिले, आणि त्यांनी मंडळीला अभंग आणि ओवी दिली. त्याआधी गाण्यांत भाषांतरं पुष्कळ होती, परदेशी चालींवर बसवलेली. त्याच काळात कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार ख्रिस्ताची कथा कीर्तनात मांडत गावोगाव फिरले. इथून जवळच नेवाशाला पैसाचा खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं लोक मानतात. टिळकांनी ज्ञानेश्वर-तुकारामांचं ऋण मोकळेपणानं मानलं. आमच्या मंडळीला या गाण्यांसाठी वेगळी तालीम लागत नाही. चाल रक्तातली आहे. आमचा ढोलकीवाला शेजारच्या भजनी मंडळातही वाजवतो, आणि तिथले पखवाजवाले नाताळात आमच्याकडे येतात. बोलावणं लागत नाही.

आगमनकाळाची मेणबत्ती लावली, संडे स्कूलच्या मुलीनं यशयाचा उतारा वाचला. संदेश मी दहा-बारा मिनिटांत संपवतो. आज रूथची गोष्ट घेतली. परक्या गावात आलेली विधवा सून कापणीमागे सरवा वेचते आणि सासूला जगवते. समोरच्या बायकांपैकी कितीजणी या आठवड्यात कापसाच्या वेचणीला गेल्या होत्या ते त्यांच्या बोटांवर दिसत होतं. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात. रूथ कोण होती हे त्यांना मी काय समजावणार? मी फक्त बवाजाबद्दल बोललो. शेतमालकानं मुद्दाम पेंढ्यांतून धान्य गळू द्यायला सांगितलं, ते बागायतदारांच्या बाजूला बघून बोललो. साडेसातला आशीर्वाद दिला. आठला मोटारी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा चर्च रिकामं होतं.

नऊपर्यंत चहा-भाकरी आणि रजिस्टर. बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर लोखंडी पेटीत असतं. आज एक बारावीचा मुलगा आजोबांची नोंद शोधायला आला. जातीचा दाखला काढायचाय, कचेरीत कागद मागितलेत. अशा वेळी माझा जीव खालीवर होतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीत धरत नाहीत. शिखांसाठी तो आदेश १९५६ साली बदलला, बौद्धांसाठी १९९० साली. आमच्यासाठी बदलला नाही. वेशीबाहेरचं घर तेच, मजुरी तीच, गावाची वागणूकही तीच राहिली. सवलत मात्र प्रार्थना कुठे करता यावर ठरते. हा अन्याय आहे आणि तो मी वेदीवरूनही सांगतो. नोंद सापडली. नक्कल लिहून, शिक्का मारून दिली. "पुढे काय करू, साहेब?" त्यानं विचारलं. शिक, म्हणालो, आणि कॉलेजच्या फीबद्दल पंचांशी बोलतो.

अकरा वाजता दुसरं गाव. इथे आज हंगामाचा सण, म्हणून इथल्या बागायतदारांनी पाणी गड्यांवर सोपवलेलं असतं. वेदीपुढे बाजरीच्या पायल्या, तुरीच्या ओल्या शेंगा, कांद्याची पात, उसाची मोळी, गुळाची ढेप, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपकारस्तुतीची प्रार्थना झाली की मंडपात लिलाव. लिलाव करणारा इथला एक ट्रॅक्टरवाला, आवाज मोठा. एक भोपळा पन्नास रुपयांना जातो, घेणारा तो परत देवाला देतो, पुन्हा बोली लागते. असा एकच भोपळा तासभर फिरतो. कोंबडा गेल्या वर्षी ज्याच्या घरात दुःख झालं त्याच्यासाठी दुसऱ्यानं सोडवून दिला. ज्या मजूर आजीनं पदरातून दोन अंडी आणली, तिच्या अंड्यांना आज सगळ्यांत मोठी बोली लागली. कोणी तसं ठरवलं नव्हतं. एकानं आकडा वाढवला, मग दुसऱ्यानं. आजी खाली मान घालून बसली होती. या पैशांतून चर्चचं छप्पर दुरुस्त होईल, पण मला हा सण प्रिय आहे तो त्या अंड्यांसाठी.

जेवण पंगतीत, बाजरीची भाकरी आणि मटणाचा रस्सा.

अडीचला मोटारसायकल काढली, तिसऱ्या गावाला. या गावात दिवाळीनंतर मंडळी उरत नाही. जोडपी कोयता घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत मार्च उजाडतो. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. इथली उपासना आम्ही एका ओट्यावर उन्हात घेतो. आज्या घोंगड्या पांघरून, मुलं त्यांच्या मांडीला टेकून. गीत एकच, पण दोनदा, कारण आज्यांना ते पाठ आहे आणि मुलांना शिकायचं आहे.

प्रार्थनेआधी विचारलं, कुणाला काय सांगायचंय. एक आजी म्हणाली, "सायब, पोराला सांगा, नाताळाला फोन कर. लेकरू वाट बघतंय." दुसरीनं पिशवी पुढे केली. तिळाचे लाडू, सुनेसाठी. मी टपालवाला झालो आणि मला त्याचा आनंद आहे. तिथून निघताना दोन आजारी माणसांकडे गेलो. एकाला दम्याचा त्रास, थंडीत वाढलेला. प्रार्थना केली, आणि उद्या त्याला दवाखान्यात नेणारी गाडी ठरवूनच उठलो.

साडेसहाला अंधार पडला तेव्हा राहुरीच्या बाजूला कोप्यांवर पोहोचलो होतो. उसाच्या पाचटाच्या कोप्या, मधे चुली, बैल. आमच्या गावचे सात-आठ कोयते इथे आहेत. बाया पहाटे चारला उठून फडात जातात आणि गाडी भरली की परत येऊन स्वयंपाकाला लागतात. लाडू पोहोचले. मुलाच्या फोनचा निरोपही. तो म्हणाला, "करतो साहेब. पण २५ ला खाडा केला तर पैसे कापतील." त्या दिवशीही त्यांना फडात जावंच लागतं, कारखान्याचं गाळप थांबत नाही. चुलीभोवती बसून प्रार्थना केली. शेजारच्या कोप्यांतली बीडकडची माणसं, कुणी वारकरी, कुणी बौद्ध, तीही येऊन बसली. एकानं विचारलं, नाताळाला इथे येणार का? मी लगेच हो म्हणालो, वहीत न बघता.

नऊला पुन्हा पहिल्या गावात. कॅरलची फेरी निघायची होती. वस्त्या दूर दूर, उसाच्या मधे, आणि उसात बिबट्या असतो. म्हणून पोरं पायी जात नाहीत. ट्रॉलीत पेटी, ढोलकी, टाळ आणि पंचवीस-तीस माणसं, पुढे बॅटऱ्या. प्रत्येक वस्तीवर एक गीत, एक प्रार्थना, मग चहा आणि शेंगदाणे. आमची घरं झाली की दोन-तीन पाटलांच्या वस्त्यांवरही थांबावं लागतं, कारण तिथल्या आजींना गीत ऐकल्याशिवाय झोपायचं नसतं. मी अर्ध्या फेरीपर्यंत जातो. पुढे तरुण संघ बघून घेतो, आणि चांगलं बघतो.

साडेअकराला घरी येऊन नाताळाचं वेळापत्रक लिहायला घेतलं. २५ ला सकाळी आठला पहिलं गाव, साडेदहाला दुसरं, दुपारी तिसऱ्या गावातला ओटा. ३१ ची रात्र पुन्हा पहिल्या गावात. राहिली २४ ची रात्र. ती पूर्वीपासून पहिल्या गावाची आहे, चर्चवर तारा लावून, मध्यरात्रीपर्यंत. वहीत मी तिथे कोप्यांचं नाव लिहिलं. उद्या पंचांची सभा आहे आणि ते नाराज होतील. त्यांना म्हणेन, तुमच्याकडे चर्च आहे, पेटी आहे, संदेश द्यायला सेक्रेटरी आहेत. कोयत्यावाल्यांना २४ च्या रात्रीच जमेल, शेवटची गाडी भरून झाल्यावर. ट्रॉली आणि ढोलकी मात्र मला तुमचीच लागेल.