डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग
डोलवी-पेणकडच्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांत कॅसिओ-यामाहाच्या गप्पा निघाल्या की रात्र पुरत नाही. त्या गप्पांत मुंबईच्या चरणजित सिंगांचे नाव मात्र क्वचितच येते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले हे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तीन वाद्ये जोडून भैरव, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले.

यातले टीबी-३०३ बास गिटारची नक्कल करण्यासाठी निघाले होते. नक्कल काही साधली नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि सिंगांना नेमकी मींड हवी होती. (पेटीत ती निघत नाही, हा १९४० च्या रेडिओवरील पेटीबंदीमागचा एक मोठा आक्षेप!)

तबकडी खपली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच टीबी-३०३ वर ‘ॲसिड हाऊस’ घडवले आणि जग नाचले. सिंगांची तबकडी हॉलंडमधून पुन्हा निघाली ती २०१० मध्ये. मग सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांपुढे तेच राग वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले.