कंपवात : चालणे आणि अवधान

निरोगी माणूस चालताना पावलांचा विचार करीत नाही. हाती भाजीची पिशवी असते, सोबत्याशी बोलणे चालू असते आणि पाऊल कोठे टेकावयाचे याचा हिशेब मेंदू परस्पर करीत असतो. कंपवाताच्या विकारात हा परस्पर चालणारा कारभारच विस्कळीत होतो.

इंग्लंडमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. यात मेंदूतील डोपामीन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. सवयीने घडणाऱ्या हालचालींची सूत्रे सांभाळणाऱ्या केंद्रांना हे रसायन लागते. ते कमी पडले की पावले आखूड होतात. काही रुग्णांचे पाय तर दाराच्या चौकटीत किंवा वळणावर जमिनीला खिळल्यासारखे होतात.

मग रुग्णाला जाणीवपूर्वक पाऊल टाकावे लागते. सवयीचे काम अवधानाच्या माथी येते आणि अवधान तर मर्यादितच असते. चालत्या रुग्णाला मागून प्रश्न विचारला किंवा त्याच्या हाती चहाचा कप दिला की ते विभागले जाते, पाऊल अडखळते, प्रसंगी तोल जातो. 'आताच तर जिना चढून आले, मग इथे का अडतात?' अशी शंका घरच्यांना येते. तिच्यात रुग्णावर अन्याय आहे.

कारण सपाट फरशीवर अडणारे काही रुग्ण जिना खरोखरच सहज चढतात. पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे हे प्रत्येक पायरी डोळ्यांना दाखविते. मूळच्या पुण्याच्या आरेखनकार मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत हे पाहिले आणि त्यांच्या घरातील जमिनीवर जिन्याचा भास होईल असे चित्र अंथरले. त्यावरून ते सहज चालू लागले, असे त्यांनी २०१५ मध्ये नेदरलँडमधील डेल्फ्ट येथील व्याख्यानात सांगितले. एवढा खटाटोप न करताही अडण्याच्या जागी पावलापावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावता येतात. काहींना मनात आकडे मोजणे किंवा ताल धरणे अधिक मानवते. कोणाला काय मानवेल, हे भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पाहणे इष्ट.

पाय खिळले असता रुग्णाला ओढू नये. त्याने क्षणभर थांबावे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा व नंतर मोठे पाऊल टाकावे. तोवर घरच्यांनी गप्प राहावे. औषधाच्या दोन मात्रांच्या दरम्यान असे प्रकार वाढत असल्यास त्यांच्या वेळा लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवाव्यात. मात्रेत परस्पर बदल करू नये.