शनिवारवाडा : वाडा की बाग?

भोर-वेल्ह्याची आपली मुलं गडकिल्ल्यांच्या सोबतीनं वाढतात. पुण्यात सहलीला गेल्यावर ती हमखास विचारतात, "सर, इथं तर बाग आहे, वाडा कुठंय?"

उत्तर हिरवळीतच आहे. १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या या वाड्याच्या इमारतींत लाकूडकाम भरपूर होतं. १८२८ च्या आगीत त्या जळाल्या. दगडी जोती, तटबंदी, बुरूज आणि दरवाजे उरले. आतल्या मोकळ्या जागेत पुढे बाग झाली.

राजगडावर पद्मावती माचीवरही राजवाड्याची जोतीच दिसतात. सहलीआधी ती मुलांना दाखवा. मग शनिवारवाड्यात आधी जोत्यांवरून खोल्यांचा नकाशा काढायला सांगा, डबे नंतर उघडा. नाहीतर मुलं बाग बघून येतील आणि वाडा बघायचा राहूनच जाईल.