बसवलेला ‘सेट’ आणि धावणारा ‘रन’

ऑक्सफर्डच्या बॅनबरी रस्त्यावर 78 क्रमांकाच्या घरासमोर एक तांबडी टपालपेटी आहे. तेथे राहणाऱ्या सर जेम्स मरे यांच्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या कामाचा टपालाचा अवाढव्य पसारा पाहून टपाल खात्याने ती तेथे मुद्दाम बसवली, आणि तीस वर्षे ‘सेट’ व ‘रन’ या दोन तीनअक्षरी इंग्रजी शब्दांच्या नादी लागलेला मी तिच्यासमोर प्रथम उभा राहिलो तेव्हा नकळत माझे हात जोडले गेले.

कोशाची हकीकत थोडक्यात अशी: पहिला भाग 1884 मध्ये निघाला, मरे 1915 मध्ये निवर्तले, काम 1928 मध्ये तडीस गेले. ‘सेट’ हा शब्द मरे यांचे सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याच्या अक्षरांत होता. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद त्याचीच, सुमारे 430 अर्थांची आणि साठ हजार शब्दांची. पुढील संशोधित आवृत्तीत प्रथम ‘मेक’, मग ‘पुट’ आणि 2011 मध्ये ‘रन’ त्याच्यापुढे गेला. कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिने खपून या एका क्रियापदाचे 645 अर्थ लावले.

आता माझ्या लाडक्या ‘सेट’कडे वळतो. जुन्या इंग्रजीतील ‘सेत्तन’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप, म्हणजे आपले ‘बसणे’ आणि ‘बसवणे’. आणि ज्या धातुकुलातून ते निघाले त्याच कुलातील संस्कृत ‘सद्’ धातूपासून परिषद, संसद आणि उपनिषद हे शब्द आपल्याकडे आले. सोनार पुष्कराज कोंदणात ठेवून भोवतीचा सोन्याचा काठ बारीक सळईने दाबत जातो, नखाने खडा हलतो का ते पाहतो आणि ‘बसला’ म्हणतो. त्या कृतीला इंग्रजीतही हेच क्रियापद. निखळलेले हाड बसवणाऱ्यालाही तेच. मात्र सापळा व गजर आपण लावतो, छापखान्यात खिळे जुळवतो, प्रश्नपत्रिका काढतो. इंग्रज या सर्व ठिकाणी ‘सेट’वरच निभावतो. सूर्यही त्याच शब्दाने मावळतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेत्लगांग’, म्हणजे आसनाकडे गमन, म्हणत, आणि ही कल्पना मला फार सुंदर वाटते. संच या अर्थाचा ‘सेट’ मात्र मुळात निराळ्या घराण्यातला. तो लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आला आणि एकाच उच्चारामुळे कालांतराने या घरात मिसळून गेला.

‘रन’चे मूळ वाहण्याचे, जर्मनमधील ‘रिनन’ आजही वाहणे, झिरपणे याच अर्थाचे आहे. त्यामुळे नळ, नाक आणि नदी त्याच्या स्वाधीन झाली यात नवल नाही. परंतु यंत्रयुगाने त्याला आगगाडी, गिरणी आणि अखेर संगणक दिला, आणि माझ्या मते त्याच्या वाढीचे कारण हेच. येथे मराठी वेगळी वाट धरते: आपली गिरणी धावत नाही, चालते, दुकान आपण चालवतो. क्रिकेटपुरती तेवढी ‘धाव’ आपण घेतली. निवडणुकीत तर अमेरिकन उमेदवार ‘धावतो’, इंग्रज उमेदवार ‘उभा राहतो’, आणि आपला उमेदवार इंग्रजाप्रमाणे उभाच राहतो.

अर्थांची मोजदाद ‘रन’च्या बाजूने आहे, तरी माझा कौल ‘सेट’ला, कारण परस्परविरुद्ध अर्थ एका घरात नांदवण्याची त्याची शक्ती मला आपल्या ‘बसणे’त दिसते. नव्या व्यापाऱ्याचा जम बसतो आणि जुन्याचा धंदा बसतो. पहिला उभा राहतो, दुसरा बुडतो, क्रियापद एकच! शिवाय विश्वास बसतो, घसा बसतो, घडी बसते, दातखीळ बसते. मोल्सवर्थांच्या 1857 च्या कोशापासून दाते–कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत पुष्कळ दाखले गोळा झाले, तरी गावोगावच्या बोलीत कितीतरी शिल्लक आहेत.

मरे यांनी 1879 मध्ये इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांना आवाहन केले होते, आणि सामान्य वाचकांनी त्यांना चिठ्ठ्या लिहून पाठवल्या. वाचकांना माझी विनंती तशीच आहे: आपल्या आजीच्या, शेजाऱ्याच्या, बाजारातल्या माणसाच्या तोंडी ‘बसणे’ वेगळ्या अर्थाने आले, तर ते पूर्ण वाक्य, गाव आणि तारीख एका चिठ्ठीवर त्याच दिवशी लिहून ठेवा.