विश्लेषण : भातखाचरातला वायू मंगळावर कसा शोधतात?

पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत पाणी साचते. पाण्याखालच्या चिखलात हवा पोहोचत नाही आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. हाच वायू मंगळावर सापडला, तर तिथेही असे जीव आहेत का, हा प्रश्न उभा राहतो. पण कोट्यवधी किलोमीटर दूरची हवा तपासायची कशी?

वायू ओळखतात कसा?

त्यासाठी प्रकाश पुरतो. मिथेन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू ठरावीक तरंगलांबीचा अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाश शोषतात. मिथेन ३.३ मायक्रॉनच्या आसपास, तर कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या आसपास. वर्णपटात तिथे काळ्या रेषा उमटतात. रेषेच्या जागेवरून वायू कोणता हे कळते, गडदपणावरून तो किती आहे याचा अंदाज येतो.

सूर्यास्ताचा उपयोग काय?

कर्जत-नेरळ पट्ट्यातून सूर्य माथेरानच्या डोंगराआड जाताना दिसतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला तो ग्रहाच्या कडेआड जाताना दिसतो. तेव्हा सूर्यप्रकाश आधी वातावरणाच्या वरच्या विरळ थरातून आणि मग खालच्या दाट थरांतून यानापर्यंत येतो. त्यामुळे प्रत्येक उंचीचा वेगळा वर्णपट मिळतो.

युरोप-रशियाच्या ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ने एप्रिल २०१८ पासून अशी निरीक्षणे सुरू केली. त्याच वर्षीच्या धुळीच्या वादळात पाण्याची वाफ ८० किलोमीटर उंचीपर्यंत गेल्याचे त्यात दिसले. इतक्या वर सूर्यकिरणांमुळे पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रोजन अवकाशात निसटतो. मंगळ कोरडा कसा पडला, याचे एक कारण इथे मिळते.

मग मिथेन सापडला का?

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या भारताच्या मंगळयानावरही मिथेन संवेदक होता. मात्र त्यातून ठाम निष्कर्ष निघाला नाही. मंगळाच्या हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड असल्याने मिथेनच्या पुसट रेषा वेगळ्या काढणे कठीण जाते.

अमेरिकेच्या ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरने हवा आत ओढून, अवरक्त लेझरने तपासून, जून २०१९ मध्ये गेल विवरात अब्जात २१ भाग मिथेन मोजला. ऑर्बिटरला मात्र अब्जात ०.०५ भागही आढळला नाही. हा विरोधाभास अजून सुटलेला नाही.

शिवाय पाणी आणि खडकांच्या अभिक्रियेतूनही मिथेन तयार होऊ शकतो. त्यामुळे उद्या तो निश्चित सापडला, तरी जीवसृष्टीचा पुरावा वेगळा शोधावा लागेल.